लोकमान्य नगरातली दळणाची चक्की : काय दळावं, कसं सांगून दळावं आणि कुठे जपावं

केसरबाग रोडकडून लोकमान्य नगराच्या आतल्या गल्लीत वळलं की डाव्या हाताला एक दळणाची चक्की लागते. दारावर पाटी आहे, पण तिच्यावरचं नाव कोणी घेत नाही. अख्खी वस्ती तिला नुसतं ‘चक्की’ म्हणते. महाराष्ट्रात जिला गिरणी म्हणतात तीच ही. इंदूरच्या मराठी घरांत ‘दळण टाकून ये’ आणि ‘गहू पिसवून आण’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून निघतात, म्हणून इथेही दोन्ही शब्द येतील. परीक्षण या एका चक्कीचं आहे, तरी यातल्या कसोट्या रामबाग, तिलक नगर, राजेंद्र नगर कुठेही लावून पाहता येतील.

आधी निकाल. गव्हासाठी आणि भाजणीसाठी ही चक्की उत्तम. उपासाच्या पिठासाठी ठरलेला वार पाळला तर चांगली. मसाल्यासाठी बेताची. आणि ज्यांना गहू अजिबात चालत नाही, डॉक्टरांनी सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) सांगितलेला आहे, त्यांनी इथेच काय, गहू दळणाऱ्या कोणत्याही सार्वजनिक चक्कीवर ज्वारी किंवा तांदूळ दळू नये. त्याचं कारण पुढे येईल.

आत तीन यंत्रं आहेत. १८ इंची पाटांचं, म्हणजे दळणाऱ्या गोल चाकांचं, मोठं यंत्र १० अश्वशक्तीच्या मोटरवर चालतं. त्याच्यावर फक्त गहू आणि मका. १४ इंचीचं धाकटं यंत्र ५ अश्वशक्तीचं, त्यावर ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, भाजण्या. तिसरं मसाल्याचं पोलादी यंत्र, त्याला पाट नसतात, आत फिरणारे हातोडे आणि खाली जाळी असते. दोन धान्ययंत्रं वेगळी ठेवली आहेत हीच या चक्कीची पहिली जमेची बाजू. एकाच यंत्रावर सगळं दळणारी चक्की असेल तर तुमच्या तांदळाच्या पिठात आधीच्याचं बेसन येणारच.

पाट दगडाचे म्हणतात, पण ते खाणीतून काढलेले नाहीत. एमरी या खनिजाची कडक खडी मॅग्नेसाइटच्या सिमेंटसारख्या मसाल्यात बसवून साच्यात ओतलेले आहेत. खरा दगड लवकर झिजतो आणि पिठात कण सोडतो. एमरी टिकते, पण तिलाही टाकी लावावी लागते, म्हणजे बुजलेल्या खाचा छिन्नीनं पुन्हा कोराव्या लागतात. एक पाट पक्का बसवलेला, दुसरा फिरता. मधोमध दाणा पडतो, खाचांतून बाहेर सरकत फुटत जातो आणि कडेला पोचेपर्यंत पीठ होतो. खाचा मध्याशी खोल आणि कडेकडे उथळ असाव्या लागतात. त्या बुजल्या की दाणा फुटायच्या ऐवजी घासला जातो, पीठ तापतं, आणि वास करपट येऊ लागतो. चक्कीवाल्याची खरी कसब दोन पाटांमधलं अंतर ठेवण्यात आहे. बाजूचं चाक फिरवून ते अंतर कमीजास्त करतात, आणि पीठ अंगठा नि तर्जनीत चोळून ठरवतात. इथले भैया दर दळणाला दोनदा हात लावून पाहतात, सुरुवातीला आणि मध्यावर. मध्यावर का, तर पाट तापले की किंचित फुगतात, अंतर आपोआप कमी होतं, आणि डब्याच्या तळाला एक पोत नि वरती दुसरा अशी गत होते. हे बघणारा माणूस असेल तर दोन गल्ल्या लांब चालत जाणंही परवडतं.

पोत सांगून घ्यावा लागतो, आणि तो नेमका सांगावा. नुसतं ‘गहू आहे’ म्हटलंत तर पोळीचं मध्यम पीठ मिळेल. फुलके पातळ हवे असतील तर ‘बारीक’. बाफल्यांसाठी (आधी उकळून मग भाजलेल्या माळवी बाट्यांसाठी) मात्र स्पष्ट ‘बाफल्याचं’ म्हणा, म्हणजे पाट सैल करून रव्याच्या जवळ जाणारं जाडं पीठ निघतं. बारीक पिठाचे बाफले पाण्यात उकळताना वरून चिकट होतात आणि आत घट्ट राहतात, मग भट्टीत कितीही भाजले तरी तूप आत शिरत नाही. ५ किलो गव्हाला अर्धा ते पाऊण किलो मका त्यातच टाकून दिला तर बाफला हातानं सहज कुस्करतो. मका कडक असल्यानं तो मोठ्या यंत्रावरच द्यावा, धाकट्याची मोटर दमते.

गहू कुठला, हा इंदूरमध्ये जरा जास्त बोलण्याचा विषय आहे, आणि असायलाच हवा. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र १९५१ पासून या शहरात आहे. ‘एचआय’ अक्षरांनी सुरू होणारे वाण इथले. पूर्णा म्हणजे एचआय १५४४, पूसा तेजस म्हणजे एचआय ८७५९, पोषण म्हणजे एचआय ८६६३. यांतला पूर्णा पोळीचा गहू. तेजस आणि पोषण कठिया जातीचे, ज्याला माळव्यात मालवी गहूही म्हणतात. त्यांचा दाणा टणक, काचेसारखा, आतून पिवळसर. रवा, दलिया, बाफले, लाडू यांना तो सुरेख, पण नुसत्या कठियाची पोळी गार झाली की चिवट होते. लोकवन मुळात गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत निघालेला लोक-१, तो इथे घरोघर रुळला आहे. शरबती सीहोरकडचा, चवीला गोडसर आणि भावानं चढा. रोजच्या पोळीसाठी ३ भाग लोकवन किंवा पूर्णा आणि १ भाग शरबती हे मिश्रण पुरेसं मऊ राहतं. सगळाच शरबती घेण्याइतका फरक जिभेला कळत नाही, असं माझं मत.

ही निवड पिशवीबंद पिठात तुमच्या हातात नसते. पिशवीवर ‘शरबती’ छापलेलं असलं तरी त्यात किती आणि कधीचा, हे दाणा पाहिल्याशिवाय कळत नाही. चक्कीवर तुम्ही तुमचा दाणा देता आणि त्याचंच पीठ घरी आणता. या व्यवहाराचं सगळं सार तेवढंच आहे.

पीठ मऊ का होतं, त्याचंही कारण आहे. पाटांमध्ये दाबला जाताना गव्हातल्या स्टार्चचे बरेच कण तडकतात, आणि तडकलेला स्टार्च पाणी जास्त धरतो. रोलरवर काढलेल्या पिठात हे प्रमाण कमी असतं. म्हणून चक्कीच्या पिठाला कणीक मळताना पाणी जास्त लागतं आणि पोळी डब्यात तास-दोन तास मऊ राहते. पण हेच जास्त ताणलं, म्हणजे पाट फार आवळले, तर स्टार्च गरजेपेक्षा जास्त तडकतो, कणीक सैल पडते आणि पोळपाटाला चिकटते. ‘यंदाचा गहू चिकट आहे’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बऱ्याचदा दोष पाटाचा असतो, गव्हाचा नसतो. पुढचं दळण किंचित जाडसर मागून पाहा. फरक पडला तर उत्तर मिळालं.

ज्वारी-बाजरीचं गणित वेगळं. हे पीठ साठवायचंच नसतं. बाजरीत तेल जास्त, आठवड्याभरात ते कडवट होऊ लागतं, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, आणि मग उकळत्या पाण्याची उकड काढूनच निभावावं लागतं. म्हणून ज्वारी एका वेळी २ ते ३ किलो, बाजरी १ ते दीड किलो. एवढं थोडं दळण हसतमुखानं घेणारी चक्की शोधावी लागते. इथे २ किलोपासून घेतात, त्याहून कमी असेल तर २ किलोचेच पैसे लागतात. हे रास्त आहे, कारण यंत्र बंद-चालू करायला आणि पाट लावायला वेळ तेवढाच जातो.

भाजणी हा या चक्कीचा मानाचा विषय. थालीपिठाच्या भाजणीला ज्वारी, बाजरी, तांदूळ प्रत्येकी अर्धा किलो, गहू पाव किलो, हरभरा डाळ पाव किलो, उडीद सव्वाशे ग्रॅम, धणे १०० ग्रॅम, जिरे २ चमचे असं प्रमाण धरलं तर सव्वादोन किलोच्या आसपास माल होतो. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं, आणि चक्कीवर नेण्याआधी पूर्ण गार करायचं, ताटात पसरून निदान ३ तास. गरम भाजणी डब्यात कोंडून आणली की वाफेचं पाणी होतं, ते पाटाच्या खाचांत पिठाचा लेप बसवतं, यंत्र गुरगुरतं आणि तुमच्या मागच्याचंही दळण अडतं. थालीपिठाची भाजणी जराशी रवाळ, चकलीची मात्र अगदी बारीक. चकलीला ४ भाग तांदूळ, २ भाग हरभरा डाळ, १ भाग उडीद डाळ. ही जाडी राहिली तर सोऱ्यातून काढताना चकली तुटते. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात धाकटं यंत्र दुपारी फक्त भाजण्यांसाठी राखून ठेवतात. ही सोय दुसरीकडे सहसा दिसत नाही.

अनारशाचे तांदूळ इथे नेऊ नका. ३ दिवस भिजवून कापडावर फडफडीत झाले तरी त्यांच्यात ओल असते आणि ती पाटाला चालत नाही. ते काम खलबत्त्यात किंवा घरच्या मिक्सरवर करून चाळावं. मोदकांचा तांदूळ धुऊन सावलीत दोन दिवस खडखडीत वाळवलेला असेल तर चालतो. चिमूटभर दाणे दाताखाली ‘कट्’ वाजले की वाळले समजा.

सोयाबीनबद्दल थोडं. इंदूरलाच सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था असल्यानं ‘गव्हात सोयाबीन घाला’ हा सल्ला इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सल्ला चांगला, कृती अर्धवट केली तर त्रासाची. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात आडवे येणारे घटक असतात. आधी उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं उकळून, उन्हात कडक वाळवून मगच गव्हात मिसळायचं, ९ किलो गव्हाला १ किलो. त्याहून जास्त घातलं तर तेलानं पाट माखतात. नुसतं सोयाबीन तर कोणताच शहाणा चक्कीवाला घेणार नाही, आणि इथले भैयाही घेत नाहीत.

आता उपासाचं पीठ. दळण संपलं तरी यंत्राच्या पोटात, पाटांच्या कडेला आणि कापडी पिशवीत आधीचं पाव ते अर्धा किलो पीठ अडकून राहतं. पुढच्या दळणात ते मिसळतं. गव्हामागून गहू असेल तर कोणाचं बिघडत नाही. राजगिरा, शिंगाडा, वरी (इथले दुकानदार मोरधन म्हणतात) यांना मात्र ते चालत नाही. म्हणून या चक्कीवर दर सोमवारी सकाळी यंत्र उघडून, ब्रशनं झाडून, आधी थोडी वरी फिरवून ती बाजूला काढतात आणि दहा वाजेपर्यंत फक्त उपासाचं दळतात. एकादशीच्या आदल्या दिवशी धावत गेलात तर नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. हे उपासाला पुरेसं आहे. सीलिॲकच्या रुग्णाला पुरेसं नाही, कारण गव्हाचं पीठ हवेतून उडत असतं आणि चिमूटभरही त्यांना बाधतं. त्यांनी घरी वेगळं छोटं यंत्र ठेवावं.

तक्रारी कुठून उगवतात हे माहीत असलं की निम्म्या टाळता येतात. सगळ्यात मोठं कारण उष्णता. पीठ चक्कीतून निघतं तेव्हा हाताला चांगलं गरम लागतं. तसंच घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं तर आत दव धरतं, गाठी होतात, आठ दिवसांत कुबट वास येतो, आणि जाळी धरून अळ्या होतात. घरी आल्यावर झाकण काढून, वरून सुती कापड टाकून दोन तास तसंच ठेवावं, मध्येच एकदा हात फिरवावा. गार झालं की भरावं. पावसाळ्यात १५ दिवसांपुरतंच दळावं, एरवी महिनाभराचं चालतं, कडक उन्हाळ्यात तीन आठवडे. अख्ख्या गव्हाच्या पिठात अंकुराचं तेल असतं, ते खवट होणारच. खवट होत नाही असं पीठ असेल तर त्यातून काहीतरी काढून घेतलेलं आहे.

दुसरं कारण कचकच. टाकी लावल्यावर पहिल्या काही किलोंत पाटाचे बारीक कण उतरतात. नीट चक्कीवाला आधी ३ ते ५ किलो कोंडा किंवा हलकं धान्य फिरवून ते फेकतो. इथे पंधरा दिवसांतून एकदा, सोमवारी दुपारी टाकी लावतात आणि दारात तशी पाटी टांगतात. त्यानंतरचं पहिलं दळण आपलं नसलेलं उत्तम. तिसरं कारण आपलंच असतं, न निवडलेला गहू. खडा पाटाला टवका पाडतो. नरसाळ्यात लोहचुंबक बसवलेलं आहे, ते खिळे-तारा धरतं, खडा धरत नाही. साठवणीच्या गव्हात पाऱ्याच्या गोळ्या टाकल्या असतील तर जितक्या टाकल्या तितक्या मोजून काढा, मगच डबा उचला. एक जरी पाटात गेली तरी ते सगळं पीठ टाकून द्यावं लागतं. त्यापेक्षा एरंडेल बरं, किलोला साधारण ५ मिली, तळहाताला लावून गव्हाला चोळायचं. जास्त झालं तर पीठ पाटाला चिकटतं, एवढंच लक्षात ठेवा.

वजनात घट येणारच. १० किलोमागे १०० ते २०० ग्रॅम, कारण दळताना दाण्यातली ओल उडते आणि थोडी धूळ हवेत जाते. सकाळचं पहिलं दळण असेल तर थोडं अधिक, कारण यंत्राचं रिकामं पोट तुमच्या पिठानं भरतं. याहून जास्त गेलं तर विचारा. इथे दळणाआधी आणि नंतर दोन्ही वेळा तुमच्यासमोर काट्यावर ठेवतात, काट्यावर नापतौल विभागाचा त्या वर्षाचा शिक्का आहे, आणि आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतात. हा विश्वास मोठा आहे.

फळ्यावरचा भाव असा. गहू किलोला ४ रुपये, ज्वारी-बाजरी ५, तांदूळ-डाळी ६, भाजणी ८. हे महाग की स्वस्त, ते असं पाहा. ३२ रुपयांचा गहू घेतला, त्यात दोन टक्के घट धरली आणि ४ रुपये दळणावळ मिळवली तर पीठ पावणेसदतीसच्या आत बसतं. निवडण्याचे कोणाला पैसे देत असाल तर ते वेगळे. शेजारच्या दुकानातल्या पिशवीचा भाव याच्याशी ताडून पाहा. पिशवीच्या किमतीत जाहिरात, वाहतूक, दुकानदाराचा वाटा, आणि १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद पिठावरचा ५ टक्के जीएसटी हे सगळं आलेलं असतं.

घरगुती चक्की घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. चौघांच्या घरात महिन्याला २० किलो पीठ लागतं असं धरलं तर इथे ८० रुपये होतात, वर्षाला ९६०. यंत्राला १५,००० रुपये पडले तर वीज आणि दुरुस्ती न धरताही पैसे फिटायला पंधरा वर्षं लागतात. १ अश्वशक्तीचं ते यंत्र तासाला ६ ते ८ किलो काढतं आणि आवाजानं स्वयंपाकघर दणाणतं. शिवाय अशा बहुतेक यंत्रांत पाट नसतात, कातरून जाळीतून पाडलेलं पीठ असतं, त्यामुळे पोळीचा मऊपणा थोडा कमीच. आजारपण, पथ्य किंवा जिना उतरणं अशक्य असेल तर घ्यावं. पैसे वाचतील म्हणून घेऊ नये.

चक्कीवाल्याचा हिशोब त्याच्या बाजूनंही मांडून पाहायला हवा, कारण ही सोय टिकेल की नाही हे तिथेच ठरतं. मोठं यंत्र तासाला साधारण १०० किलो दळतं आणि त्याला ८ युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये धरले तर किलोमागे ६४ पैसे. दिवसाला ३०० किलो आणि महिन्याला २६ दिवस धरले तर ७,८०० किलो, म्हणजे ३१,२०० रुपये जमा. त्यातून ५,००० च्या आसपास वीज, मग तीन फेजच्या जोडणीचा स्थिर आकार, जागेचं भाडं, हाताखालच्या पोराचा पगार, पट्टा, बेअरिंग, टाकीची मजुरी. उरतं ते घर चालवायला. आणि ७,८०० किलो म्हणजे महिन्याला २० किलो दळणारी ३९० घरं. म्हणजे एका चक्कीला चारशे घरं लागतात. त्यांतली १०० घरं पिशवीकडे वळली तर जमा ८,००० नं घटते, पण खर्चातून फक्त २,००० किलोंची वीज, म्हणजे १,२८० रुपये कमी होतात. भाडं, पगार, स्थिर आकार तसेच राहतात. निम्मी वस्ती जायची वाट पाहावी लागत नाही, चौथा हिस्सा गेला की शटर खाली येतं.

आणि ते खाली आलं की एकटं येत नाही. चक्की असते म्हणून लोक छावणीच्या धान्यबाजारातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरतात. चक्की नसेल तर अख्खा गहू घेऊन करायचं काय? मग तो दाणेवाला जातो, गहू निवडून देणाऱ्या बायकांचं काम जातं, टाकी लावणारा कारागीर दुसऱ्या धंद्याला लागतो, कोंडा नेणाऱ्या गवळ्याला तो महाग मिळतो. या वस्तीत भाजणी, चकली, मेतकूट, पोळीभाजीचे डबे करून विकणाऱ्या बायका आहेत. त्यांना ५ किलो भाजणी एका विशिष्ट पोतात दुपारपर्यंत हवी असते. हे काम कोणतीही पिठाची कंपनी करून देणार नाही. त्यांच्या उद्योगाचं पहिलं यंत्र ही चक्की आहे, आणि त्यासाठी त्यांना कर्ज काढावं लागलेलं नाही. या शहरानं कापडगिरण्या बंद पडताना पाहिलेल्या आहेत. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडावं लागलं. मधल्या काळात घरं तगली ती अशा छोट्या दुकानांवर नि कामांवरच.

कागदावर मात्र या चक्कीला वेगळं स्थान नाही. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. महिन्याला तीस हजार जमा करणारी चक्की आणि दहा कोटींचा कारखाना एकाच रांगेत उभे. तरी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवण्यात तोटा नाही, ती फुकट होते आणि मोटर बदलायला बँकेत जाताना कागद हाती असतो. या चक्कीत ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे.

उणिवा सांगायलाच हव्यात. मसाल्याचं यंत्र धान्याच्या यंत्रांपासून फक्त एका पडद्यानं वेगळं आहे. मिरची कांडताना ठसका सगळ्यांना लागतो, आणि गरम मसाल्याचा वास जवळच्या पिठाला धरतो. खरगोनकडच्या बेडियाच्या मिरचीबाजारातली वर्षाची मिरची इथे कांडायची असेल तर आधी उन्हात देठासकट मोडेल इतकी कडक वाळवा, आणि बुधवारी दुपारीच द्या, त्या वेळी धान्य बंद असतं. भिंती बांधून ते यंत्र मागच्या खोलीत हलवलं तर माझ्या मते या चक्कीत नाव ठेवायला फार थोडं उरेल. मोटरच्या पट्ट्याला जाळी आहे, पण ती गुडघ्यापर्यंतच. पदर आणि ओढणी सांभाळून उभं राहावं, आणि मुलांना आत सोडू नये. ती जाळी कमरेपर्यंत करणं हा एका दिवसाचा खर्च आहे, तो त्यांनी ताबडतोब करावा. रविवारी अकरा ते एक रांग इतकी असते की डब्यांवरच्या चिठ्ठ्या सरकतात. डब्याच्या झाकणावर नाव टिकाऊ रंगानं लिहा आणि आत एक चिठ्ठी टाका, झाकणं बदलतात, आतली चिठ्ठी बदलत नाही.

वीज गेली तर घाई करू नका. पाटांत अर्धवट धान्य अडकलेलं असतं, तसंच यंत्र सुरू केलं तर मोटरवर ताण येतो. ते आधी पाट सैल करतात, अडकलेलं मोकळं करतात, मग सुरू करतात. यात पाच-सात मिनिटं जातात आणि लोक कुरकुरतात. कुरकुरू नये. मोटर जळली तर चार दिवस चक्की बंद राहील.

वेळ सकाळी ९ ते दुपारी २ आणि ४ ते रात्री ८, सोमवारी संध्याकाळी बंद. १० किलो गहू यंत्रावर चढल्यावर सहा-सात मिनिटांत होतो, रांगेचा वेळ वेगळा. मंगळवार आणि गुरुवारची दुपार सगळ्यात मोकळी. पैसे रोख किंवा फोनवरून, दोन्ही चालतात. डबा स्टीलचा किंवा पत्र्याचा पिंप आणावा, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गरम पीठ भरून देत नाहीत. १५ किलोच्या पिंपात दळून आल्यावर १५ किलो मावत नाही, कारण ताजं पीठ फुगलेलं असतं. १२ किलोच धान्य भरून न्या.